भाग तेच, तरी एका पीसीवर एफपीएस कमी: माझा अनुभव

माझा आणि धाकट्या भावाचा पीसी घरीच जोडलेला, भाग तेच: रायझन ५ ५६०० प्रोसेसर, १६ जीबी डीडीआर४-३२०० रॅम. तरी त्याच गेममध्ये, त्याच सेटिंगवर त्याचा एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) कमी, गेम मध्येच अडखळायचा. ड्रायव्हर, विंडोज नव्याने टाकून फरक शून्य. डोकं उठलं होतं.

त्याच्या टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा (रॅमचा) स्पीड ३२०० ऐवजी २४००. सीपीयू-झेड या भागांची माहिती दाखवणाऱ्या ॲपमध्ये चॅनल (रॅम-प्रोसेसरमधला डेटाचा मार्ग) सिंगल, म्हणजे दोनऐवजी एकच.

पीसी बंद करून वायर काढली. रॅमच्या पट्ट्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये 'टक्' होईपर्यंत दाबल्या. (पहिला-दुसरा स्लॉट म्हणजे एकच चॅनल.) सुरू होताना डिलीट दाबून बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण स्पीडवर चालवणारं सेटिंग, चालू, एफ१० ने सेव्ह. आता स्पीड ३२००, चॅनल ड्युअल. तुलना करताना सरासरीसोबत '१ टक्का लो' (सर्वात संथ १ टक्का फ्रेमचा एफपीएस) सुद्धा बघा; अडखळणं तिथेच दिसतं.