केली गँगची उरलेली १७ मिनिटं: हा मूकपट नीट बघायचा कसा

'द स्टोरी ऑफ द केली गँग' हा १९०६ चा ऑस्ट्रेलियन मूकपट बरेच जण उत्सुकतेने लावतात आणि पाच मिनिटांत बंद करतात, कारण कोण कुणाला गोळी घालतंय तेच कळत नाही, मधेच चित्र खराब होतं, मधेच सीन तुटतो. मीही पहिल्यांदा तसाच बंद केला होता. पण जरा तयारी करून बसलात ना तर अंगावर काटा येतो, खरंच सांगतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, तुम्ही अख्खी फिल्म बघत नाही आहात. मूळ फिल्म साधारण ४००० फुटांची होती. ३५ एमएम रुंद फिल्मच्या पट्टीच्या एका फुटात १६ फ्रेम्स, म्हणजे १६ चित्रं, सेकंदाला १६ फ्रेम्सने चालवली तर एक फूट म्हणजे एक सेकंद, म्हणजे तासाभरापेक्षा जास्त झाली, म्हणूनच हिला जगातली पहिली पूर्ण लांबीची कथाफिल्म मानतात. त्यातली आता जेमतेम १७ मिनिटं उरलीत. काही तुकडे १९७८ ला एका जुन्या थिएटरवाल्याच्या संग्रहात मिळाले, काही १९८० मध्ये चक्क कचरा डेपोत, आणि सगळ्यात लांब तुकडा इंग्लंडमध्ये. ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल फिल्म अँड साउंड आर्काइव्हने ते सगळं जोडून २००६ ला नव्याने आणलं, तीच आवृत्ती शोधा.

बघायच्या आधी गोष्ट माहीत करून घ्या, ही पायरी गाळू नका. तेव्हाच्या प्रेक्षकाला नेड केली कोण ते सांगावं लागत नव्हतं, आपल्याला लागतं: तो ऑस्ट्रेलियातला गाजलेला दरोडेखोर, आणि केली गँग म्हणजे त्याची टोळी. चार नावं लक्षात ठेवा: नेड, त्याचा धाकटा भाऊ डॅन, जो बर्न आणि स्टीव्ह हार्ट. आता क्रम बघा. डॅनच्या नावाचं वॉरंट निघतं आणि एक पोलीस शिपाई नेड-डॅनच्या बहिणीच्या, केटच्या मागे लागतो. मग स्ट्रिंगीबार्क क्रीकला तीन पोलीस मारले जातात. मग यंगहजबंडच्या फार्मवर लोकांना ओलीस धरणं आणि बँक लुटणं. मग जुना साथीदार ॲरन शेरिटचा खून. मग ग्लेनरोवनला ट्रेन पाडायचा बेत, हॉटेलला वेढा. आणि शेवटी पोलिसांसमोर नेड एकटा. हे सहा टप्पे कागदावर लिहून समोर ठेवा, म्हणजे मधला तुकडा गायब असला तरी तुम्ही हरवत नाही.

आता आवाज. मूकपट म्हणजे शांततेत बघायचा असा आपला गैरसमज असतो. ही फिल्म २६ डिसेंबर १९०६ ला मेलबर्नच्या अथेनियम हॉलमध्ये लागली, आणि त्या काळातल्या खेळांना गोळीबाराच्या वेळी खरोखर खोटी काडतुसं उडवायचे, घोड्यांच्या टापांसाठी नारळाच्या करवंट्या एकमेकींवर आपटायचे, पुढे पुढे तर एक माणूस बाजूला उभा राहून गोष्टही सांगायचा. म्हणून व्हिडिओचा आवाज बंद करा, एकाला तुमच्या कागदावरून गोष्ट सांगायला बसवा आणि दुसऱ्याच्या हातात दोन करवंट्या द्या. करवंटी आतून कोरडी हवी, आणि कड कडेवर आपटायची, ओली असली की बद्द वाजते. आम्ही हे केलं तेव्हा पोलीस घोड्यावरून आले आणि खोलीतले सगळे गप्प झाले, तोपर्यंत कुणी धड स्क्रीनकडे बघतही नव्हतं!

माणसं तुरुतुरु चालताना दिसली तर स्पीड कमी करा, ०.७५ बहुतेक पुरतो. क्लोजअपची वाट बघू नका, इथे माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसतो, कॅमेरा लांब असतो, त्यामुळे चेहरे सोडा आणि हातांकडे, कडेला उभ्या लोकांकडे बघा. आणि चित्रात जिथे डाग उसळल्यासारखे दिसतात तिथे वैतागू नका, ती जुन्या फिल्मची नायट्रेटची पट्टी सडल्याची खूण आहे, एवढ्यावरून वाचून ती आपल्यापर्यंत आली हेच खूप आहे.

बघताना अजून एक आठवा. नेडला फाशी झाली ११ नोव्हेंबर १८८० ला, म्हणजे फिल्म आली तेव्हा जेमतेम २६ वर्षं झाली होती, त्याची आई एलन तेव्हा जिवंत होती, पार १९२३ पर्यंत होती. १९०७ मध्ये बेनाला आणि वँगारटा या केलीच्याच मुलखातल्या गावांमध्ये फिल्मवर बंदी आली. लोकांसाठी ती दंतकथा नव्हती हो, शेजारच्या घरातली गोष्ट होती.

शेवटचा सीन दोनदा बघा. पहिल्यांदा आवाजासकट. दुसऱ्यांदा काहीही न वाजवता, आणि नेड चिलखत घालून उभा राहिला की पॉज करा. खरं चिलखत नांगराच्या लोखंडाचं होतं, ४० किलोच्या वर वजन, डोकं छाती पाठ सगळं झाकलेलं. आता खाली बघा, पाय उघडे आहेत. पोलिसांच्या गोळ्या तिथेच लागतात.