४ जीबी रॅम, पण वापरायला २.४९ जीबी: माझा अनुभव

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात माझं झेरॉक्स अन् ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. जुना डेस्कटॉप, विंडोज ७ चौसष्ट बिट. कॉम्प्युटरच्या प्रॉपर्टीजमध्ये दिसायचं: ४ जीबी, वापरण्याजोगी २.४९. पीकविम्याच्या गर्दीत ब्राउझर अडकला की डोकं फिरायचं.

रॅमच्या पट्ट्या खोडरबरनं घासल्या, स्लॉट बदलले, एमएसकॉन्फिग म्हणजे विंडोज सुरू होण्याच्या सेटिंगमधल्या ‘मॅक्झिमम मेमरी’ची खूण काढली. फरक शून्य.

शेवटी जमलं ते असं. मशीन सुरू होताना डिलीट दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये गेलो. ॲडव्हान्स्ड, मग चिपसेट, मग नॉर्थ ब्रिज. तिथं ‘मेमरी रीमॅप फीचर’ डिसेबल्ड होतं, ते एनेबल्ड केलं. त्याखालीच ऑनबोर्ड ग्राफिक्सनं ५१२ एमबी धरून ठेवली होती. फॉर्म भरायला एवढी कशाला? ६४ केली. एफ १० दाबून सेव्ह. आता ३.९ दिसते.

ग्राफिक्स अन् इतर हार्डवेअरला मेमरीतल्या जागांचे ४ जीबीच्या आतलेच पत्ते (ॲड्रेस) लागतात. रीमॅप त्या जागेवरची रॅम ४ जीबीच्या वरच्या पत्त्यांवर हलवतं; ते बंद असेल तर तेवढी रॅम झाकली जाते. वेगळं कार्ड असलं तरी तेच. बत्तीस बिट विंडोजमध्ये मात्र रीमॅपनं काही होत नाही जी, तिथं फक्त ग्राफिक्सचा वाटा कमी करा.