क्लस्टर रॉकेटमध्ये एखादी मोटार पेटत का नाही

क्लस्टर रॉकेट म्हणजे बुडाशी अनेक मोटारी (घन इंधन भरलेल्या छोट्या नळ्या) एकदम पेटवून उडवायचं हौशी रॉकेट. तीनपैकी दोनच मोटारी पेटल्या की ते तिरकं झेपावतं. सोलापूरच्या शिवारात ज्वारी काढल्यावर वाळकी धसकटं उभी असतात. तिथे जळती मोटार आडवी गेली तर आग ठरलेलीच. म्हणून जागा साफ आणि ओली करा, वस्ती व होटगी रस्त्यावरचा विमानतळ दूर ठेवा, परवानगी आधी घ्या. मोटार कारखान्यातलीच हवी. फटाक्यांची दारू भरून ती कधीही बनवू नका.

इग्नायटर, म्हणजे करंटने पेटून मोटार पेटवणाऱ्या बारीक तारा, समांतर जोडायचे. सिरीजमध्ये पहिला जळताच सर्किट तुटतं आणि बाकीचे थंड राहतात. समांतर जोडणीत एकाला साधारण २ अँपिअर धरले तर तिघांना ६ लागतात. पेन्सिल सेल एवढ्या भाराला टिकत नाहीत. मोटारसायकलची १२ व्होल्टची, पूर्ण चार्ज केलेली बॅटरी घ्या. वायरही जाड हवी. पॅडपासून (रॉकेट उडतं त्या तळापासून) ९ मीटरवर उभं राहिलं तर जाऊन-येऊन १८ मीटर तांबं होतं. ०.७५ चौरस मिमीच्या वायरीत अडीच व्होल्ट वाटेतच जातात, २.५ चौरस मिमीच्या वायरीत जेमतेम पाऊण.

नवशिके सगळ्यात जास्त फसतात ते बटणाच्या पेटीवरच्या, सर्किट जोडलेलं आहे हे दाखवणाऱ्या तपासणीच्या दिव्याला. तिघांतला एकच इग्नायटर धड असला तरी तो दिवा लागतो! म्हणून प्रत्येक इग्नायटर मोटारीत घालण्याआधी मल्टिमीटरवर वेगळा तपासा. त्याचं टोक नोझलमधून (मोटारीच्या खालच्या तोंडातून) थेट इंधनाला टेकलं पाहिजे. जरा फट राहिली तर तो जळून जातो आणि मोटार तशीच. वर इग्नायटर धरून ठेवणारा प्लग घट्ट बसवा. दोन तारा एकमेकींना टेकल्या तर त्या शॉर्टमधून सगळ्यांचाच करंट निघून जातो. काळवंडलेल्या क्लिपा दर वेळी पॉलिश पेपरने घासा.

आता टप्पे, म्हणजे खालची मोटार संपता संपता वरची पेटणारं रॉकेट. खाली शून्य विलंबाची मोटार लागते, उदाहरणार्थ सी६-०: ६ न्यूटन सरासरी जोर, शेवटचं शून्य म्हणजे इंधन संपल्यावर विलंब नाही. तिचं इंधन वरपर्यंत जळत गेलं की तापलेला वायू आणि जळते कण वरच्या मोटारीच्या नोझलमध्ये घुसतात. दोन्ही मोटारी टेकवून सांध्यावर सेलोटेपचा एकच वेढा द्या, नाहीतर वरची पेटण्याआधीच दाबाने त्या सुटतात. ही युक्ती काळ्या दारूच्या मोटारींपुरतीच; वरची मोटार कंपोझिट (रबरासारख्या पदार्थात बांधलेल्या इंधनाची) असेल तर तिला इलेक्ट्रॉनिक टायमर आणि स्वतःचा इग्नायटर हवा.

वरच्या टप्प्यात सुरुवातीला एकच मोटार ठेवा. खालच्या तिन्ही मोटारी नेमक्या एकाच क्षणी संपत नाहीत. मधली वरच्या मोटारीला पेटवणार असेल तर बाजूच्या दोन्ही नळ्यांना बाहेर उघडणारी भोकं ठेवा. त्यांचा वायू कपलरमध्ये (दोन टप्पे जोडणाऱ्या नळीत) शिरला तर टप्पे वेळेआधीच सुटतात.

मे महिन्यात मोटारी बंद गाडीत राहू देऊ नका. तापून-निवून इंधन नळीच्या भिंतीपासून सुटतं, भेगा पडतात आणि पेटवल्यावर मोटार फुटते.

बटण दाबूनही काही झालं नाही तर सुरक्षा किल्ली काढा, बॅटरी तोडा आणि ६० सेकंद कुणालाही पॅडजवळ जाऊ देऊ नका.