स्टेक मागवण्याआधी वाईन लिस्ट अशी पारखा

बेळगावच्या वेशीवर, खानापूर रोडला म्हणा किंवा हिंडलग्याकडे, स्टेक देणाऱ्या हॉटेलात बसलात की लिस्ट हातात यायच्या आधी बाटल्या कुठे ठेवल्यात ते बघून घ्या. माझं माहेर अथणी तालुक्यातलं, द्राक्षबागेचं. पुढे मी हॉटेलांत वाईन वाढायचं काम केलं. बागेत वर्षभर राबणारी माणसं पाहिलीत, त्यामुळे चांगली बाटली दिव्याखाली भाजत पडलेली मला बघवत नाही.

काउंटरमागे शोभेला उभ्या केलेल्या बाटल्यांचं लेबल एका बाजूनं फिकं पडलं असेल, तर त्या तिथं बरेच महिने आहेत. बाटली टेबलावर आली की मानेवरून अंगठा फिरवा. चिकट ओघळ लागला किंवा आवरणाखाली बूच वर आल्यासारखं वाटलं, तर ती एप्रिल-मेच्या उकाड्यात तापलीय. आतली वाईन बेदाण्याच्या पाकासारखी लागणार. बिनधास्त परत पाठवा. आटेवालं झाकण दिसलं म्हणून मात्र नाक मुरडू नका. आपल्या हवेत ते बुचापेक्षा निर्धोक.

आता लिस्ट. नुसतं ‘रेड वाईन, व्हाईट वाईन’ आणि पुढे कंपनीचं नाव एवढंच छापलं असेल, तर ती कुणी मन लावून केलेली नाही. द्राक्ष कोणतं, कुठलं आणि साल कोणतं, ही तीन उत्तरं लिस्टवर पाहिजेत. आपल्याकडे पावसाळा सरता सरता छाटणी होते आणि वाईनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये. म्हणजे बाटलीवर २०२४ असेल तर ती द्राक्षं त्या सालच्या उन्हाळ्याच्या तोंडावर उतरलेली. सॉव्हिन्यों ब्लांक किंवा चेनिन ब्लांकसारखी पांढरी वाईन दोन-तीन वर्षांच्या आतलीच घ्यावी. ओकच्या पिंपात मुरवलेली लाल आणखी काही वर्षं टिकते, पण नीट ठेवली असेल तरच.

लिस्ट लांबलचक असण्यात काही मोठेपणा नाही. आठ-दहा नावं असावीत, पण ताटातल्या मांसाला साजेशी. इथं एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. कर्नाटकात २०२० च्या कायद्यानं गाय-बैल कापायला बंदी आहे, १३ वर्षांवरची म्हैस तेवढी चालते. त्यामुळे आपल्याकडचा स्टेक म्हणजे बहुधा म्हशीचा अंडरकट, म्हणजे कमरेच्या आतल्या बाजूचं मऊ मांस, आणि त्यात चरबी फार कमी. लाल वाईनचा तुरटपणा चरबीनं आणि मांसातल्या प्रथिनांनी मऊ होतो. परदेशी पुस्तकात स्टेकबरोबर दणकट कॅबरने, म्हणजे त्या नावाच्या काळ्या द्राक्षाची तुरट लाल वाईन, सांगतात ती चरबीदार गोमांसासाठी. आपल्या अंडरकटबरोबर तीच वाईन जीभ आवळते. म्हणून लिस्टमध्ये मध्यम अंगाची, म्हणजे फार दाट नाही की फार पातळ नाही अशी लाल आहे का ते बघा: नाशिकची शिराझ, अकलूजकडची सांजोवेझे, नाहीतर नंदी हिल्सच्या ग्रोव्हर झांपाची ला रिझर्व्ह, ज्यात कॅबरने आणि शिराझ एकत्र असतात. मिरीच्या सॉसला शिराझ फार छान जाते. सॉसमध्ये हिरवी मिरची भरपूर असेल तर तुरट लाल घेऊच नका, तिखट दुप्पट चढतं. त्यापेक्षा गार चेनिन किंवा गुलाबी रोझे वाईन.

ग्लासवर मागवणार असाल तर वेटरला एवढंच विचारा, “दादा, बाटली कधी उघडलीत?” ज्याला माहीत असतं तो “काल रात्री मॅडम, फ्रीजमध्ये आहे” असं सांगून मोकळा होतो. बूच लावून फ्रीजमध्ये ठेवलेली लाल दोन-तीन दिवस चालते. “आत्ताच उघडली” म्हणून अर्धी बाटली घेऊन आला, तर ग्लास नको, सरळ बाटली मागवा. ७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे पाच ग्लास होतात. एका ग्लासाला बाटलीच्या पाव किमतीपर्यंत मोजणं ठीक. तिसरा हिस्सा मागत असतील तर चौघांत बाटलीच परवडते.

किमतीचा अंदाज घ्यायला बाटलीवरची एमआरपी बघा. तिच्या दुप्पट लावली तर मला वावगं वाटत नाही. ग्लास, जागा, नोकर, सगळं त्यातूनच निघतं. तिप्पट लावली असेल तर त्या पैशात सांभाळ तरी दिसला पाहिजे. विलायती नावांना भुलू नका. वाईनवर वर्षानुवर्षं दीडशे टक्के आयात शुल्क होतं, त्यामुळे इथं महाग पडणारी बाहेरची बाटली तिकडे पुष्कळदा अगदी साधी असते. त्याच पैशात देशी कंपनीची सगळ्यात चांगली बाटली येते.

लाल वाईन खोलीतल्या उष्णतेवर पितात हे थंड देशातलं. तिला १६ ते १८ अंश हवेत. ती कोमट आली तर बर्फाच्या बादलीत दहा-पंधरा मिनिटं ठेवायला सांगा. हे ऐकून वेटर गोंधळला तरी आग्रह धरा, पण आवाज चढवू नका. त्याला कुणी शिकवलेलं नसतं. लिस्टच्या तळाशी गोड पोर्ट वाईन सापडली तर ती स्टेकबरोबर नको. जेवण झाल्यावर छोटा ग्लास घ्या, आणि सोबत कुंदा मिळाला तर जरूर मागवा.