रेल्वेत लागलात? पगाराचा हिशेब मांडताना या चुका टाळा

जॉइनिंग लेटर आलं की घरी पेढे वाटले जातात, आणि आठवडाभरात कोणी ना कोणी काका विचारतातच, "मग भाऊ, पन्नास तर मिळतीलच ना?" लेव्हल 1 च्या, म्हणजे रेल्वेतल्या सगळ्यात खालच्या पगार-श्रेणीतल्या, पोराला पन्नास हजार मिळत नाहीत.

बहुतेकांची पहिली चूक इथेच होते : दुसऱ्याची पे-स्लिप बघून आपला पगार ठरवायचा. नागपुरातल्या अजनीच्या एखाद्या जुन्या लोको पायलटची, म्हणजे इंजिन चालवणाऱ्याची, स्लिप मोबाइलवर फिरत येते आणि नवा असिस्टंट लोको पायलट त्यावरून गाडीचा हप्ता ठरवतो. त्या स्लिपमधला मोठा आकडा असतो माइलेजचा, म्हणजे गाडी जितके किलोमीटर चालवली त्याचा. ट्रेनिंगमध्ये माइलेज नाही. नंतरही महिना मंद गेला किंवा सुटी पडली की तो आकडा खाली येतो. नव्या असिस्टंट लोको पायलटचं बेसिक, म्हणजे मूळ पगार, 19,900 आहे, हिशेब तिथून सुरू करा.

आता लेव्हल 1 चा हिशेब कागदावर मांडू. बेसिक 18,000. जुलै 2025 चा 58 टक्के डीए, म्हणजे महागाई भत्ता, धरला तर 10,440. घरभाडं भत्ता शहराच्या वर्गावर ठरतो; नागपूर वाय, म्हणजे मधल्या वर्गातलं शहर, म्हणून बेसिकच्या 20 टक्के, 3,600. वाहतूक भत्ता 1,350 आणि त्यावर डीए, असे 2,133. एकूण 34,173. त्यातून बेसिक अधिक डीएच्या 10 टक्के पेन्शनला जातात, 2,844. व्यवसाय कर 200, गट विमा 30. हातात 31,099. सोसायटी, युनियन वगैरे कपात लागली तर आणखी कमी. ट्रॅकमनला जोखमीचा भत्ता वेगळा मिळतो, तो यात धरलेला नाही.

दुसरी चूक खास आपल्याकडची. 'नागपूर डिव्हिजन' मिळालं म्हणजे नागपूर मिळालं, असं समजायचं. एक तर इथे डिव्हिजन दोन : एक मध्य रेल्वेचं, एक दक्षिण पूर्व मध्यचं. पहिल्यात आमला, बैतूल, बल्लारशाह येतात. दुसऱ्यात गोंदिया, डोंगरगड, छिंदवाडा. पोस्टिंग आमल्यासारख्या लहान गावी निघालं तर घरभाडं भत्ता 10 टक्क्यांवर येतो आणि वाहतूक भत्त्याचा मूळ दर 900 होतो. दर महिन्याला 2,511 रुपये कमी, आणि शनिवार-रविवार घरी यायचा खर्च वेगळा. रेल्वेचं क्वार्टर मिळालं तर घरभाडं भत्ता बंदच, उलट लायसन्स फी, म्हणजे क्वार्टरचं भाडं, कापली जाते. तरी क्वार्टर घ्यावं असंच माझं मत आहे. 3,600 मध्ये अजनीच्या आसपास धड दोन खोल्या मिळवून दाखवा.

बोनसचा घोळ तर दरवर्षीचाच. 78 दिवसांचा बोनस म्हणजे अडीच पगार नव्हे. तो महिन्याला 7,000 पगार धरून काढतात, म्हणून वरची मर्यादा 17,951. पहिल्या वर्षी जितके महिने भरले तितकाच.

अप्रेंटिसचा स्टायपेंड हा पगार नव्हे, आणि ठेकेदाराकडची डबे-सफाई ही रेल्वेची नोकरी नव्हे. हे लग्नाच्या बैठकीत मुलीकडच्यांनाही सांगा.

पहिला पगार महिनाअखेरीलाच खात्यात पडेल असं धरू नका. सर्व्हिस शीट, म्हणजे नोकरीची नोंद, उघडायची, पेन्शनचा नंबर निघायचा, बँकेचे कागद जुळायचे; यात महिना-दोन महिने जातात. थकबाकी नंतर एकरकमी मिळते, पण मेसवाला तोवर थांबत नाही. दोन महिन्यांचा खर्च घरून घेऊनच निघा, आणि आधार-बँकेतलं नाव दहावीच्या मार्कशीटशी अक्षरन् अक्षर जुळतंय का, ते आजच बघा.