टेक-अपचा नट आवळण्याआधी: जुन्या प्रोजेक्टरवर फिल्म गुंडाळताना या चुका टाळा

जुना प्रोजेक्टर घरी आला की माणूस आधी लेन्स पुसतो, मग दिवा लावून बघतो, आणि पडद्यावर चित्र हललं की घरभर हाका मारतो. खालच्या रिळाकडे कुणाचंच लक्ष नसतं. दोन मिनिटांनी पायाशी काहीतरी वळवळतं. बघावं तर फिल्मचा ढीग! किंवा उलट, ‘फट्’ असा आवाज येतो आणि पडदा पांढरा होतो. दोन्ही वेळा माणूस एकच करतो. खालच्या रिळामागचा नट पकडतो आणि आवळतो.

मीही तेच केलं होतं. चोरबाजारातून आणलेलं हाताने फिरवायचं ३५ मिमीचं यंत्र, आणि नट आवळून कडेची भोकं फाडलेली चाळीसेक फूट फिल्म. जत्रेतल्या तंबूत आयुष्यभर सिनेमे दाखवलेले एक म्हातारे ऑपरेटर आमच्या ओळखीचे होते, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. फाटलेली फिल्म बोटांवरून सरकवत ते म्हणाले, “अरे, ते रीळ फिल्म ओढायला नाही ठेवलेलं. वरून येईल तेवढी गुपचूप घ्यायची, एवढंच त्याचं काम. तू त्याला नांगराला जुंपलंस.”

टेक-अपची, म्हणजे चालून आलेली फिल्म गुंडाळून घेणाऱ्या या खालच्या रिळाची, बहुतेक दुखणी या एका गैरसमजातून येतात. त्यामुळे आधी ते रीळ नक्की काय करतं ते बघू.

सुरुवातीच्या यंत्रांत ते नव्हतंच. ७ जुलै १८९६ ला मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चित्रं दाखवली गेली, तेव्हा एकेक फिल्म जेमतेम सतरा मीटरची असायची, मिनिटभरात संपायची आणि यंत्राखालच्या पेटीत नुसती पडायची. एडिसनच्या व्हिटास्कोप प्रोजेक्टरमध्ये फिल्मची टोकं जोडून माळ करायचे आणि ती कप्प्यांवरून फिरत राहायची. गुंडाळायचा प्रश्नच नाही. पुढे चित्रपट लांबले, हजार फुटांची रिळं आली. सहज पेटणाऱ्या नायट्रेट फिल्मची हजार फूट पट्टी आर्क दिव्याखाली मोकळी पडू देणं म्हणजे होळीच रचणं. मग खाली रीळ आलं, त्याला यंत्रापासून पट्टा आला, रिळाभोवती पत्र्याचा डबा आला.

आणि तिथेच पेच पडला. खालचं दातेरी चाक फिल्म सोडतं ती एकाच वेगाने. सेकंदाला १६ चित्रं धरली तर बरोबर एक फूट. पण रिकाम्या रिळाचा गाभा दोन इंच व्यासाचा असेल तर तेवढी फिल्म घ्यायला त्याला मिनिटाला साधारण ११५ फेरे मारावे लागतात. हजार फूट गुंडाळून झाले की गठ्ठा पावणेदहा इंचांच्या आसपास जातो आणि तीच एक फूट घ्यायला मिनिटाला २४ फेरे पुरतात. पट्टा मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच वेगाने पळतो. या दोघांचं भांडण मिटवायला मध्ये घसरणारा क्लच बसवला. एक चकती पट्ट्याबरोबर फिरते, दुसरी रिळाबरोबर, मध्ये चामड्याची किंवा फेल्टची गोल चकती, आणि त्यांना दाबून धरणारी स्प्रिंग. स्प्रिंग किती दाबायची ते ठरवणारा नट म्हणजेच आपला आरोपी.

आता यातली गोम. क्लचचा जोर तोच राहतो, पण गठ्ठा वाढत जातो. म्हणून फिल्मवर पडणारा ताण सुरुवातीला सगळ्यात जास्त आणि शेवटी सगळ्यात कमी. वरच्या मापांत हा फरक जवळजवळ पाचपट भरतो. म्हणजे शेवटच्या शंभर फुटांत फिल्म सैल पडते म्हणून नट आवळला, तर त्याची किंमत पुढच्या रिळाच्या पहिल्या शंभर फुटांना मोजावी लागते. पुढे गाभा मोठा केला तो यासाठीच. पाच इंची गाभ्यावर दोन हजार फूट गुंडाळले तरी फरक तिपटीच्या आतच राहतो. काही यंत्रांत तर भरत जाणाऱ्या रिळाचं वजनच क्लचवर पडेल अशी सोय केली. फिल्म वाढली की वजन वाढतं, घर्षण वाढतं, ओढ साधारण सारखी राहते. हजार फूट ३५ मिमी फिल्म दोन किलोंहून जड असते, तेव्हा हा हिशेब काही किरकोळ नाही. माझ्या मते टेक-अपच्या सगळ्या युक्त्यांत ही सगळ्यात देखणी.

फिल्म खाली साचते तेव्हा आधी पट्टा बघा

रीळ हाताने घट्ट धरा आणि हँडल सावकाश फिरवा. पट्टा आणि मागची कप्पी फिरत राहिली आणि घसरण क्लचमध्येच झाली, तर पट्टा ठीक आहे. कप्पी थांबली आणि पट्टा तिच्यावरून नुसता सरकत राहिला, तर दोष पट्ट्यात आहे. मग नट कितीही आवळा, उपयोग शून्य. उलट पट्टा आणखी घसरेल.

स्प्रिंगचा पट्टा सैल झाला असेल तर त्याचे चार-पाच वेढे कापून पुन्हा अडकवा. चामड्याचा गोल पट्टा असेल तर शिलाई मशीनचा चालतो, जाडी कप्पीच्या खाचेला बसली पाहिजे एवढंच. त्याच्या जोडाची तार नीट वळवून आत बसवा. बाहेर राहिली तर प्रत्येक फेऱ्याला कप्पीवर आपटते, ‘टक टक’ वाजते आणि त्याच ठेक्यात फिल्मला हिसका बसतो. आणि पट्टा काढण्याआधी तो सरळ होता की इंग्रजी आठासारखा फुली मारून घातलेला, हे बघून ठेवा. मोबाइलवर फोटोच काढा. फुलीचा पट्टा सरळ घातला तर रीळ उलटं फिरतं आणि माणूस अर्धा तास क्लच उघडून बसतो. हे मी दुसऱ्याबद्दल बोलतोय असं समजा.

क्लचला तेल

जुनं यंत्र हाती आलं की प्रत्येक भोकात तेल सोडायची आपल्याला फार हौस. बेअरिंगला तेल हवंच, पण क्लचच्या चामड्यात ते उतरलं की त्याची पकड लहरी होते. थंड असताना धरतं, दहा मिनिटं घासून गरम झालं की घसरतं किंवा मध्येच चिकटतं. चकती काढा. पेट्रोलमध्ये धुवायची असेल तर घराबाहेर, दिवा-शेगडीपासून लांब, आणि पूर्ण वाळेपर्यंत यंत्राला हात लावू नका. मग बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवून वरची चकाकी काढा. चामडं लाकडासारखं कडक झालं असेल तर त्याच जाडीची नवी चकती चांभाराकडून कापून घ्या. माझ्या अनुभवात ‘नट आवळूनही धरत नाही’ अशी तक्रार असलेली बहुतेक यंत्रं या एवढ्याशा धुण्यानेच सुधारतात.

चित्र उड्या मारतं म्हणून गेटला दोष देणं

हे निदान सगळ्यात जास्त चुकतं. गेटमध्ये, म्हणजे लेन्समागे जिथे फिल्मवर उजेड पडतो त्या चौकटीत, फिल्म थांबत-थांबत, हिसक्याने पुढे सरकते आणि रिळं अखंड फिरतात. १८९५ मध्ये अमेरिकेतल्या लॅथम मंडळींच्या यंत्रात फिल्मचा सैल फुगा ठेवायची युक्ती आली. आजही तिला लॅथम लूप म्हणतात. हिसका बसतो तो त्या वीतभर फिल्मला, अख्ख्या रिळाला नाही. गेटखालचा लूप आणि त्याखालचं दातेरी चाक मिळून टेक-अपची ओढ गेटपर्यंत पोचू देत नाहीत. फार सुरुवातीच्या काही यंत्रांत हे खालचं चाक नव्हतं, तिथे टेक-अपचा प्रत्येक धक्का थेट चित्रात दिसायचा.

आता टेक-अप फाजील आवळला आणि त्या चाकावरचा दाबरोलर थकलेला असला तर फिल्म दातांवरून उडी मारून खाली ओढली जाते. लूप संपतो. चित्र थरथरायला लागतं, मालक गेटची स्प्रिंग आवळतो, भोकं आणखी फाटतात. म्हणून चित्र हललं की गेट उघडण्याआधी खालचा लूप जागेवर आहे का ते बघा. लूप हळूहळू लहान होत असेल तर चोर खाली आहे. नट अर्धा फेरा सैल करून बघा. फरक पडला तर गेटला हात लावायचं कारण नाही.

सुरुवातीची ढील

फिल्म ओवून झाली, टोक गाभ्याच्या चिरेत खोचलं आणि लगेच यंत्र सुरू केलं, की खालचं चाक आणि रीळ यांच्यामध्ये राहिलेली वीतभर ढील एका झटक्यात ताठ होते. गाभा लहान, म्हणजे ओढ सगळ्यात जास्त, आणि त्यात हा झटका. पहिल्या दहा फुटांत तुटणाऱ्या फिल्मचं कारण बहुतेकदा हेच. हाताने रिळाचे दोन-तीन फेरे घ्या, ढील संपवा, मग हँडल. आणि पुढे कोरी पट्टी जोडा. फाटायची असेल तर ती फाटू दे.

वाकडं रीळ, वाटीसारखा गठ्ठा

गुंडाळलेल्या फिल्मची बाजू टेबलासारखी सपाट दिसायला हवी. ती वाटीसारखी खोलगट झाली किंवा कडा जिन्यासारख्या वर-खाली आल्या, तर रीळ आणि त्याच्या वरचं दातेरी चाक एका रेषेत नाहीत. आसावरचा एखादा वॉशर मागच्या दुरुस्तीत हरवलेला असतो. सरळ पट्टी लावून बघा आणि कमी असलेली जाडी वॉशरने भरा.

रिळाचे पत्रे वाकले असतील तर ते कानांना आधी कळतं. दर फेऱ्याला एकदा ‘खस्’. आसावर रिकामं रीळ फिरवा आणि पत्र्याजवळ पेन्सिल स्थिर धरा. जिथे टेकते तिथे वाकलंय. हातोडी नको. तळहातांनी हळूहळू दाबून सरळ होतं तेवढं करा, नाही तर दुसरं रीळ घ्या. रीळ स्वस्त असतं, फिल्म नसते.

वरच्या रिळाचंही एका वाक्यात सांगतो. त्याला किंचित ब्रेक हवा, नाही तर यंत्र थांबलं तरी ते फिरत राहतं आणि फिल्मचे वेढे सुटून गळ्यात येतात.

रिवाइंड करताना शेपूट ओढणं

सैल गुंडाळलेलं रीळ हातात घेऊन, टोक पकडून, खेचून घट्ट करायचं! हे मी चांगल्या जाणत्या लोकांना करताना पाहिलंय. त्या खेचण्यात प्रत्येक वेढा शेजारच्या वेढ्यावर घासतो आणि मध्ये अडकलेली धूळ फिल्मवर रेघा काढते. पुढच्या खेळाला पडद्यावर पाऊस पडतो, आणि तो कधीच थांबत नाही. रीळ सैल वाटलं तर पूर्ण उलगडून पुन्हा सावकाश गुंडाळा. स्वच्छ सुती हातमोजा घाला, फिल्मच्या दोन्ही कडा अंगठा आणि बोटामध्ये हलकेच धरा, चित्रावर बोट नको. कडा बोटांतून जाताना फाटलेलं भोक आणि सुटत आलेला जोड लागतो. घाईने फिरवलं तर बोट कापतं आणि जोड मात्र सापडत नाही.

ही फिल्म लावायचीच नाही

काही वेळा दोष यंत्रात नसतोच. ३५ मिमीच्या फिल्मवर फुटाला ६४ भोकं असतात. ६४ भोकं मोजा आणि फूटपट्टीवर ठेवा. तीन मिलिमीटर कमी भरली तर फिल्म सुमारे एक टक्का आकसली आहे. अशी फिल्म दातांवर नीट बसणार नाही, टेक-अप कितीही जुळवा. व्हिनेगरसारखा वास येत असेल तर ती डब्यासकट इतर फिल्मपासून वेगळी करा.

आणि १९५० च्या दशकाआधीची ३५ मिमी फिल्म असेल तर ती नायट्रेट असू शकते असंच धरून चाला. नायट्रेट पेटलं की जळायला लागणारा प्राणवायू स्वतःतूनच मिळवतं. पाण्यात बुडवलं तरी विझत नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात साठवणीतली नायट्रेट रिळं जळाली, त्यात आपल्या जुन्या सिनेमाचा मोठा ठेवा गेला. असा डबा सापडला तर ऊन-आचेपासून लांब ठेवा आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाशी बोला. ‘एकदाच लावून बघू’ नाही.

मग नट कधी?

पट्टा, चकती, रीळ, रेषा, लूप, सगळं बघून झाल्यावर. टाकाऊ फिल्मचं पूर्ण रीळ घ्या. नट इतका सैल करा की फिल्म साचायला लागेल. मग पाव-पाव फेरा आवळत जा. रीळ जवळजवळ भरलेलं असताना फिल्म सैल न पडता जेमतेम घेतली जाते, ती जागा सापडली की थांबा. आता रिकामं रीळ लावून त्याच नटावर पहिले पन्नास फूट चालवा आणि भोकांच्या कडा भिंगाखाली बघा. कडा उसवल्यासारख्या दिसल्या तर गाभा फार लहान आहे, मोठ्या गाभ्याचं रीळ शोधा. नट आणखी हलवून दोन्ही टोकं सांभाळता येणार नाहीत.

जागा बसली की नटावर आणि शेजारच्या पत्र्यावर मिळून नेलपॉलिशचा एक लाल ठिपका लावा. तुमच्या पश्चात कुणी नट आवळला तर ठिपक्याचे दोन तुकडे झालेले दिसतात. आमच्या घरी तो दोनदा तुटलाय, आणि दोन्ही वेळा मुलगा म्हणाला, “बाबा, मी फक्त हात लावला होता.”