एकाच बागेची तीन सालं: जुनी पांढरी वाईन अशी चाखा

आमच्या जालन्याकडं ऑक्टोबरात द्राक्षाची गोडी छाटणी, म्हणजे घड धरण्यासाठीची छाटणी, झाली की पुढचं सगळं हवामानाच्या हाती. बाग तीच, मशागत तीच, तरी साल बदललं की घडाची चव बदलते. जुनी पांढरी वाईन मी याच नजरेनं चाखतो. ती किती जुनी यापेक्षा ते साल कसं गेलं, हे मला शोधायचं असतं.

म्हणून द्राक्ष, बाग आणि वाईन करणारा एकच ठेवा. फक्त साल बदला. मी जर्मनीतल्या मोझेल खोऱ्याची रीसलिंग, म्हणजे त्याच नावाच्या पांढऱ्या द्राक्षाची वाईन, सुचवीन. तिच्यातल्या आंबटपणामुळं ती दशकं टिकते. २००३, २०१० आणि २०१५ या सालांची शेजारी ठेवा. काबिनेट (द्राक्षाच्या पिकलेपणावरून ठरणारी जर्मन वाईनची एक प्रत) घेतली तर तिन्ही काबिनेटच.

बाटल्या आदल्या दिवशी फ्रिजमध्ये उभ्या ठेवा. तळाला चमकणारे खडे दिसले तर ते टार्टरचे, म्हणजे द्राक्षातल्याच आम्लाचे, अपाय नाही. वाईन १० ते १२ अंशांवर खुलते. आपल्या उन्हाळ्यात बाहेर काढल्यावर थोडा वेळ पुरतो. घरात तेव्हा फोडणी नको, उदबत्ती नको, मोगरा तर मुळीच नको. मधे तोंड साफ करायला पाणी आणि ज्वारीच्या भाकरीचा कोरडा तुकडा.

ओतायला दुसऱ्याला सांगा, बाटल्या कागदात गुंडाळून. पांढऱ्या कागदावर ग्लास धरून रंग बघा, मग वास घ्या. रॉकेलसारखा वास आला तर दचकू नका. जुन्या रीसलिंगमध्ये तो बऱ्याचदा येतो, आणि घडांना ऊन जास्त लागलं असेल तर जास्त. तपकिरी रंग आणि चिरून ठेवलेल्या सफरचंदाचा वास मात्र हवा लागल्याची खूण. पण त्यावरून सालाला नापास करू नका. दोष त्या एका बाटलीचा असू शकतो.

खरा निकाल आंबटपणावर. घोट तोंडात फिरवा, थुंका, आणि जिभेच्या कडांना पाणी किती वेळ सुटतं ते बघा. २००३ ला युरोप उन्हाच्या लाटेत होरपळला, आंबटपणा उतरला. ती वाईन मऊ, रुंद लागते. २०१० ला आंबटपणा इतका चढा होता की अनेक वाईन करणाऱ्यांना तो कमी करून घ्यावा लागला. २०१५ ला उन्हाळा कडक, तरी आंबटपणा शाबूत, म्हणून मला ते साल सगळ्यांत तोलाचं वाटतं.

बोलण्याआधी प्रत्येकानं आपापलं लिहून काढावं. उरलेली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी त्याच क्रमानं परत चाखा.